कर्नेलमधील साधनमुक्ती व दोषनिवारण
संगणकाच्या परिचालन प्रणालीचा जो गाभा स्मृती, प्रक्रियक व जोडलेली उपकरणे यांचे वाटप करतो, त्यास कर्नेल म्हणतात. एखादी सामान्य आज्ञावली मध्येच बंद पडल्यास तिने अडविलेली स्मृती कर्नेल परत घेतो. खुद्द कर्नेलच्या मागे मात्र आवराआवर करणारे कोणी नसते.

१९६५ मध्ये हाती घेतलेल्या मल्टिक्स प्रणालीवर काम करणारे टॉम व्हॅन व्हलेक यांच्या आठवणीनुसार, त्यांच्या लेखनाचा निम्मा भाग दोषांतून सावरण्यासाठीच खर्ची पडे. यूनिक्समधून हे सारे वगळल्याचे डेनिस रिची यांनी त्यांना सांगितले : दोष आढळताच ‘पॅनिक’ हा उपक्रम यंत्र बंद पाडी व ते पुन्हा सुरू करण्यासाठी हाक मारली जाई. एका दालनातील लहान यंत्रापुरता हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही.

१९७३ मध्ये यूनिक्सचे कर्नेल सी भाषेत पुन्हा लिहिले गेले. लिनस टॉरव्हाल्ड्स यांचे लिनक्स (१९९१) हेही मुख्यतः सी भाषेतच आहे. या भाषेत घेतलेले साधन आपोआप सुटत नाही. उपकरणाची चालक आज्ञावली प्रथम स्मृती मिळविते, मग व्यत्यय-संकेताची नोंद करते, शेवटी उपकरण नोंदविते. तिसरी पायरी फसल्यास दुसरी व मग पहिली उलगडावी लागते. त्यासाठी लिनक्समध्ये ‘गोटू’ ही आज्ञा रूढ झाली. एड्सखर डायक्स्ट्रा यांनी १९६८ मध्ये घातक ठरविलेली आज्ञा येथे शिस्तीचे साधन व्हावी, हे नवलच. एक पायरी विसरल्यास स्मृती झिरपत जाते. कुलूप न उघडल्यास इतर प्रक्रिया खोळंबतात. तीच स्मृती दोनदा मुक्त केल्यास घुसखोरास वाट मिळू शकते. दोषाच्या वाटा क्वचितच वापरात येत असल्याने असे प्रमाद वर्षानुवर्षे दडून राहू शकतात.

२००७ मध्ये तेजुन हो यांनी साधने उपकरणाशीच बांधून, उपकरण सुटताच ती उलट क्रमाने मुक्त करण्याची व्यवस्था केली. २०२३ मध्ये पीटर झाइलस्ट्रा यांच्या प्रयत्नाने, चलाची व्याप्ती संपताच मुक्तीची आज्ञा संकलकानेच घालण्याची सोय आली. मात्र ही मुक्ती चलांच्या घोषणेच्या उलट क्रमाने होते. त्यामुळे सर्व चले आरंभीच घोषित करण्याची सी भाषेतील जुनी सवय येथे बाधते : वस्तूचे चल आधी व कुलूप नंतर घोषित झाल्यास कुलूप आधी उघडते आणि वस्तू संरक्षणाविना नष्ट केली जाते. म्हणून चल साधन मिळविण्याच्या जागीच घोषित करावे व एकाच फलनात ‘गोटू’ आणि ही नवी रीत मिसळू नये, असा दंडक लिनक्सच्या दस्तऐवजांत घातलेला आहे.