भुकेल्या शहरातला रेडिओ

रेडिओवर शांतता चालत नाही. भाषण वाचताना मी दोन वाक्यांमध्ये जरा जास्त थांबलो, की काचेपलीकडची मंडळी चुळबुळ करू लागतात. अशा वेळी मला लेनिनग्राड आठवते. आजचे सेंट पीटर्सबर्ग. महायुद्धात तिथे घराघरांत तारेने जोडलेले कर्णे होते आणि कार्यक्रम नसेल तेव्हा त्यांतून मेट्रोनोमचे ठोके ऐकवले जात. मेट्रोनोम म्हणजे संगीत शिकणाऱ्याला लय धरून देणारे यंत्र. मिनिटाला पन्नासएक ठोके पडत असले तर आभाळ मोकळे आहे असे समजायचे. ठोके तिपटीने वाढले की जर्मन विमाने आली, तळघर गाठा.

८ सप्टेंबर १९४१ रोजी शहराचा जमिनीवरचा शेवटचा रस्ता तुटला. त्याच दिवशी बॉम्बहल्ल्यात धान्याची गोदामे जळाली. वेढा पुरता उठला तो २७ जानेवारी १९४४ला, ८७२ दिवसांनी. हे शहर लढून घेण्यापेक्षा उपाशी मारावे, असाच हिटलरचा हिशेब होता. मी बी. ए.ला इतिहास घेतला होता, पण आमच्या पुस्तकात स्टालिनग्राडला दोन पाने आणि लेनिनग्राडला दोन ओळी!

२० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर १९४१ या काळात कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम पाव मिळे. कारकून, मुले, म्हातारी माणसे यांना १२५ ग्रॅम. त्यातही पेंड आणि लाकडाचा लगदा मिसळलेला. मी लहानपणापासून रमजानचे रोजे धरतो, त्यामुळे भूक मला ठाऊक आहे असे वाटायचे. पण रोज्याला इफ्तारची वेळ ठरलेली असते. तिथे ती नव्हती. लादोगा सरोवर गोठल्यावर बर्फावरून ट्रक येऊ लागले, तरी त्या हिवाळ्यात माणसे रस्त्यात बसत ती उठत नसत. मुलांच्या घसरगाड्यांवरून प्रेते ओढून नेली जात. मृतांचा सरकारी आकडा सहा लाख बत्तीस हजारांचा. खरा आकडा याहून पुष्कळ मोठा असावा, असे अनेक इतिहासकार मानतात.

जानेवारी १९४२मध्ये वीज नसल्यामुळे शहराच्या बऱ्याच भागांत कर्णे मुके झाले. तेव्हा माणसे काठ्या टेकत रेडिओच्या इमारतीपर्यंत चालत आली. पाव मागायला नव्हे. भूक सोसू, थंडी सोसू, पण रेडिओ बंद ठेवू नका, असे सांगायला. ही हकिगत ओल्गा बेरगोल्त्स या कवयित्रीने लिहून ठेवली आहे. त्याच इमारतीतून ती कविता वाचत असे.

ओल्गा सरकारची लाडकी नव्हती. डिसेंबर १९३८मध्ये तिला खोट्या आरोपावरून पकडले होते. पोटात मूल होते, ते तुरुंगात गेले. जुलै १९३९मध्ये ती सुटली. दोन वर्षांनी त्याच सरकारच्या रेडिओवरून ती लोकांना धीर देत होती. कुणी याला लाचारी म्हणेल. मला तसे वाटत नाही. कर्ण्यापुढे कान लावून बसलेली माणसे तिचीच होती. जानेवारीच्या अखेरीस तिचा नवरा निकोलाय मोल्चानोव उपासमारीने गेला. फेब्रुवारीत तिने ‘फेब्रुवारीची रोजनिशी’ ही दीर्घ कविता रेडिओवर वाचली. तिच्यात गर्जना नव्हत्या. एका बाईने शेजारणीशी बोलावे तसे बोलणे होते.

मार्चमध्ये तिला मॉस्कोला नेले. पोटभर जेवण मिळाले, ऊन पाणी मिळाले. पण लेनिनग्राडच्या भुकेबद्दल रेडिओवर अक्षर काढायचे नाही, अशी ताकीदही मिळाली. शौर्याबद्दल हवे तेवढे बोला! त्याच महिन्यात, जर्मन वंशाचे म्हणून, वेढ्यात रुग्ण तपासणाऱ्या तिच्या डॉक्टर वडिलांना सैबेरियाकडे हद्दपार करण्यात आले. एप्रिलमध्ये ती आपल्या उपाशी शहरात परतली.

९ ऑगस्ट १९४२ रोजी रेडिओच्याच वाद्यवृंदाने शोस्ताकोविचची सातवी सिंफनी वाजवली, ही गोष्ट सगळे सांगतात. वादक इतके मेले होते, की आघाडीवरून सैनिक-वादक बोलवावे लागले. त्यानंतरचे मात्र कमी सांगितले जाते. १९४९मध्ये स्टालिनने लेनिनग्राडच्या पुढाऱ्यांवर खटले भरले, तेव्हा वेढ्याचे संग्रहालयही बंद झाले. ते पुन्हा उघडायला १९८९ उजाडले. ओल्गाच्या रेडिओभाषणांचे पुस्तक ग्रंथालयांतून काढून टाकण्यात आले.

आणि तरी १९६०मध्ये पिस्कारयोव्हस्कोये दफनभूमीचे स्मारक उभे राहिले, तेव्हा ग्रॅनाइटच्या भिंतीवर कोरायला ओल्गाच्याच ओळी घेतल्या. तिथे सुमारे पाच लाख माणसे सामूहिक खड्ड्यांत आहेत.

रेडिओवर जे बोलता येत नव्हते ते ती वहीत लिहीत असे. तुरुंग, वडिलांची हद्दपारी, मॉस्कोची ताकीद, सगळे. त्या वह्या तिने झडतीच्या भीतीने लपवून ठेवल्या. ती १९७५मध्ये वारली. वह्या सरकारने कुलपात ठेवल्या, आणि त्या पूर्ण छापून यायला एकविसावे शतक उजाडावे लागले.