बुलढाणा सोयाबीन-कापूस आंदोलन (2022–23)

सोयाबीनला क्विंटलमागे 8,500 आणि कापसाला 12,500 रुपये भाव मिळावा, पीकविम्याची रक्कम पदरात पडावी, यासाठी बुलढाणा जिल्ह्यात पेटलेले शेतकरी आंदोलन. नोव्हेंबर 2022 मध्ये बुलढाण्यात एल्गार मोर्चा निघाला. कोंडी फुटली नाही.

11 फेब्रुवारी 2023 रोजी आंदोलनाचे नेते रविकांत तुपकर पोलिसाच्या वेशात जिल्हाधिकारी कार्यालयापाशी पोहोचले आणि त्यांनी आत्मदहनाचा प्रयत्न केला. पोलिसांनी लाठीमार केला; तुपकरांसह कार्यकर्त्यांना अटक झाली.

आंदोलनामागच्या जनमताचा अंदाज मतपेटीवरून बांधायचा, तर जपूनच. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत अपक्ष तुपकरांना सुमारे अडीच लाख मते पडली. ही मते म्हणजे आत्मदहनाच्या मार्गाला संमती मानणे चूक. घरात कापूस साठवून भावाची वाट पाहणाऱ्यांचा संताप मात्र या मतांत नक्कीच होता. तुपकर तिसऱ्या स्थानी राहिले, शिवसेनेचे प्रतापराव जाधव निवडून आले.