बाईंचा दुसरा प्रश्न

स्मरणिकेसाठी "काहीही लिही, पण सॉफ्टवेअरवर नको" असा निरोप बॅचच्या ग्रुपवर आला. म्हणून इतिहासावर लिहितेय. इतिहासात मला किती मार्क पडायचे हे ज्यांना आठवतंय, त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

आठवीत बाई फळ्यावर एखाद्या वास्तूचं नाव लिहायच्या आणि खाली दोन प्रश्न: कशी बांधली? कशासाठी बांधली? पहिल्या प्रश्नाला मी आकृती काढून पानभर लिहायचे. दुसरा "राजाने प्रजेसाठी बांधली" एवढ्यावर उरकायचे. वहीत लाल शाईने ठरलेला शेरा यायचा, "दुसरा प्रश्न अर्धवट."

दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामासाठी रोमला गेले होते. शेवटची दुपार मोकळी मिळाली, तेव्हा कोलोसियम पाहायला गेले. बाहेरच्या कमानींवर कोरलेले आकडे अजून वाचता येतात. प्राथमिक शाळेत रोमन आकडे घोटले, तेव्हा घड्याळापलीकडे त्यांचा काय उपयोग, असं वाटायचं. तो उपयोग इथे दगडात दिसला. हे प्रवेशद्वारांचे क्रमांक होते! हॉटेलवर परतल्यावर रात्री उशिरापर्यंत वाचत बसले, आणि परत आल्यावरही ते वाचन सुटलं नाही.

आधी माझा आवडता प्रश्न. कशी बांधली?

ही गोष्ट एका अपघातापासून सुरू करावी लागते. इ. स. २७ मध्ये रोमच्या उत्तरेला साधारण ८ किलोमीटरवर, फिदेनी गावात, अतिलियस नावाच्या माणसाने ग्लॅडिएटरच्या लढतींसाठी लाकडी प्रेक्षागृह उभं केलं. हेतू नफ्याचा. पाया भक्कम जमिनीवर नव्हता आणि लाकडी सांगाड्याचे जोडही कच्चे होते. सम्राट टायबेरियसला अशा खेळांची आवड नव्हती, त्यामुळे करमणुकीला आसुसलेले लोक रोमहून झुंडीने आले. भरलेलं प्रेक्षागृह कोसळलं. मेलेले आणि जायबंदी झालेले मिळून ५०,००० असा आकडा टॅसिटस देतो. सुएटोनियस २०,००० हून अधिक मृत्यू सांगतो. आकड्यांत फरक आहे, पण प्राचीन जगातला हा फार मोठा बांधकाम अपघात होता यात शंका नाही. त्यानंतर सिनेटने नियम केला: ४ लाख सेस्टर्सपेक्षा कमी मालमत्ता असलेल्याने असे खेळ भरवायचे नाहीत आणि जमिनीचा भक्कमपणा तपासल्याशिवाय प्रेक्षागृह बांधायचं नाही. अतिलियसला हद्दपार केलं.

कोलोसियमचं काम यानंतर चाळीसेक वर्षांनी, सम्राट व्हेस्पेशियनच्या काळात सुरू झालं. जागा होती आधीचा सम्राट नीरोच्या महालातल्या कृत्रिम तळ्याची. तळं कोरडं करून सुमारे १२ मीटर जाडीचा काँक्रीटचा पाया घातला. वर १८८ मीटर लांब, १५६ मीटर रुंद अशी लंबवर्तुळाकार इमारत. तळमजल्यावर ८० कमानी. त्यांपैकी ७६ वर क्रमांक आणि उरलेल्या ४ खास लोकांसाठी. प्रेक्षकाने आपल्या क्रमांकाच्या कमानीतून शिरायचं, ठरलेला जिना चढायचा, ठरलेल्या भागात बसायचं. सुमारे ५०,००० माणसं एकमेकांना न अडखळता आत-बाहेर जाऊ शकत. उन्हासाठी वर कापडी छत होतं आणि ते ओढायला आरमारातले खलाशी नेमलेले असत. इंजिनिअर म्हणून मी तिथे मनातल्या मनात हात जोडले.

आता दुसरा प्रश्न. कशासाठी?

इ. स. ८० मध्ये व्हेस्पेशियनचा मुलगा टायटस याने उद्घाटन केलं. खेळ १०० दिवस चालले. त्यांत ९,००० प्राणी मारले गेले, अशी नोंद डिओ कॅसियसने केली आहे. दिवसाचा क्रमही बहुधा ठरलेला असे. सकाळी श्वापदांची शिकार, दुपारी गुन्हेगारांना देहदंड, नंतर ग्लॅडिएटर. हे ग्लॅडिएटर बहुतेक गुलाम, युद्धकैदी किंवा शिक्षा झालेले असत. काही जण स्वखुशीनेही येत. प्रत्येक लढत मृत्यूनेच संपे असं सिनेमा दाखवतो, ते खरं नाही. त्यांच्या प्रशिक्षणावर मालकाचा पैसा खर्च झालेला असे.

रोममध्ये सम्राटाने भरवलेला खेळ बघायला पैसे लागत नसत. सम्राट समोर बसे, लोक ओरडून त्याच्याकडे मागण्या करत आणि तो उदार असल्याचं सगळ्या शहराला दिसे. नीरोने स्वतःसाठी बळकावलेली जागा आपण लोकांना परत दिली, हेही व्हेस्पेशियनच्या घराण्याला दाखवायचं होतं. शिवाय बसण्याची जागा दर्ज्यानुसार. पुढे सिनेटर, मागे श्रीमंत, मग सामान्य नागरिक. ऑगस्टसने आधीच प्रेक्षागृहांसाठी नियम घातला होता: शाळकरी मुलांना वेगळा भाग, आणि शेजारीच त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या गुरुजींचा. (आपल्या गॅदरिंगची आठवण झाली ना?) व्हेस्टा देवीच्या पुजारिणी सोडल्या तर बायका सगळ्यात वर, सगळ्यात मागे. मी तिथे असते तर त्या उंचीवरून मला माणसं मुंग्यांएवढी दिसली असती. त्यांतली एखादी मुंगी पडलेली पाहून मी टाळ्या वाजवल्या असत्या का? नसत्या, असं ठामपणे म्हणवत नाही.

सेनेका नावाचा तत्त्वज्ञ एकदा हलकीफुलकी करमणूक होईल म्हणून दुपारच्या वेळी असे खेळ बघायला गेला. तिथे ढाल-शिरस्त्राणाविना माणसं मारली जात होती. गर्दीतून घरी येताना आपण अधिक क्रूर होऊन आलो, असं त्याने मित्राला पत्रात लिहिलं. त्याचा रोख रिंगणापेक्षा बघणाऱ्यांवर जास्त होता, म्हणून ते पत्र माझ्या मनात राहिलं.

फिदेनीनंतर सिनेटने जमीन तपासायचा नियम केला, पैशांचा नियम केला. रिंगणात काय दाखवायचं यावर त्या नियमांत एक अक्षर नव्हतं. प्रेक्षक सुरक्षित झाला, त्याच्या समोर मरणारा माणूस होता तिथेच राहिला. इतकी चोख इमारत, आणि ती चोख होती म्हणूनच तिच्यातलं काम शतकानुशतकं चाललं. प्राण्यांच्या शिकारीचे खेळ तर तिथे इ. स. ५२३ पर्यंत झाले.

हे वाचताना माझंच काम आठवत राहिलं. आमच्याकडे रोज सकाळी एक आकडा पाहिला जातो: लोक ॲपवर कालपेक्षा किती मिनिटं जास्त थांबले. तो वाढावा म्हणून मी मनापासून राबलेय, बक्षीसही घेतलंय. तिथे कोणी मरत नाही, तुलना ताणायची नाही. पण रोमहून आल्यावर एका मीटिंगमध्ये मी विचारलं, "थांबून ते बघतात काय?" क्षणभर सगळे गप्प. मग पुढची स्लाइड लागली. मी आता तो प्रश्न दर मीटिंगला विचारते. काहींना कंटाळा येतो, चेहऱ्यावर दिसतं. विचारणं सोडलेलं नाही.

बाई, तुम्ही संमेलनाला येणार असल्याचं कळलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या वेळी एका ओळीत उरकलेलं नाही. उशीर झालाय, तरी येताना लाल पेन घेऊन या.