सल्लागार होण्यासाठी किती शिकावे लागते? ऑस्ट्रेलियाची कथा

१/ जानेवारी २००९. ऑस्ट्रेलियातील टाऊन्सव्हिल शहरातली ‘स्टॉर्म फायनान्शियल’ ही परवानाधारक सल्लागार कंपनी कोसळली. तिचे असंख्य ग्राहक निवृत्त वा निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे होते. त्यांपैकी अनेकांची राहती घरेही गेली.

२/ कंपनीची रीत ठरलेली होती. घर तारण ठेवून कर्ज काढायचे, गुंतवणूक तारण ठेवून आणखी कर्ज उचलायचे आणि सारी रक्कम शेअर बाजाराशी निगडित फंडांत घालायची. कंपनीचे शुल्क गुंतवलेल्या रकमेच्या सुमारे ७ टक्के. साहजिकच कर्ज वाढले की शुल्कही वाढे. २००८ मध्ये बाजार गडगडला आणि कर्ज तेवढे उरले.

३/ असा सल्ला देण्यास पात्रता लागत नव्हती काय? लागत होती. ‘ॲसिक’ या नियामक संस्थेच्या मार्गदर्शिका क्रमांक १४६ ने किमान प्रशिक्षणाच्या दोन श्रेणी आखल्या होत्या. शेअर, फंड, निवृत्ती निधी यांसाठी साधारण पदविकेच्या तोडीचे शिक्षण. साध्या बँक ठेवी आणि बहुतांश सर्वसाधारण विम्यासाठी त्याहून खालच्या प्रमाणपत्राचे.

४/ पदवीची अट नव्हती. सर्वांसाठी एकच राष्ट्रीय परीक्षाही नव्हती.

५/ नोव्हेंबर २००९ मध्ये बर्नी रिपोल यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीचा अहवाल आला. पुढे नवा कायदा झाला. १ जुलै २०१३ पासून ग्राहकाचे हित प्रथम पाहणे सल्लागारावर बंधनकारक ठरले आणि गुंतवणूक उत्पादनांवरील नव्या कमिशनला बंदी आली.

६/ शिक्षणाचा प्रश्न मात्र २०१७ च्या कायद्यापर्यंत रेंगाळला. १ जानेवारी २०१९ पासून नवोदितांना मान्यताप्राप्त पदवी, राष्ट्रीय परीक्षा आणि एका वर्षाची उमेदवारी अनिवार्य झाली. जुन्यांनाही परीक्षा चुकली नाही. १ जानेवारी २०२० पासून नीतिसंहिता लागू झाली.

७/ याची किंमतही मोजावी लागली. सुमारे २८ हजार सल्लागारांपैकी काही वर्षांत सुमारे १६ हजारच उरले. सल्ला महागला. अखेर २०२३ मध्ये, दहा वर्षांचा निष्कलंक अनुभव असलेल्या जुन्या सल्लागारांना पदवीच्या अटीतून सूट मिळाली.

८/ स्टॉर्मच्या खटल्यात २०१६ मध्ये निर्णय आला. निवृत्त वा निवृत्तीजवळ आलेल्या, तुटपुंजी मिळकत असलेल्या काही ग्राहकांना त्यांच्या परिस्थितीला न शोभणारा सल्ला दिला गेला, असे संघीय न्यायालयाने ठरवले. फंड कसा चालतो हे अभ्यासक्रमात शिकवता येते. समोरच्या वृद्धाला कर्जाचा हप्ता झेपेल का, हे त्यालाच विचारावे लागते. आणि तो प्रश्न विचारण्याची सक्ती कायद्याला करावी लागली.