चंद्रसेन कोणत्या खणात?

31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. त्यातला दुष्यंत कोणत्या जातीचा नायक, असा प्रश्न संस्कृत शिकलेल्या प्रेक्षकाला पडण्याचे कारण नव्हते. उत्तर शेकडो वर्षे तयार होते. नाट्यशास्त्राने आणि त्यावरच्या ग्रंथांनी नायकांचे चार खण पाडून ठेवले होते: धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत. राम पहिल्या खणात, कलांत रमणारा वत्सराज उदयन दुसऱ्यात, चारुदत्त तिसऱ्यात, गर्विष्ठ आणि चंड प्रकृतीचे वीर चौथ्यात. नायिकांच्या अवस्था आठ. पात्र रंगमंचावर येण्याआधीच त्याचा स्वभाव ठरलेला असे. प्रेक्षक बघायला येत तो त्याचा आविष्कार.

तीनच वर्षांनी याच शहरातल्या एका शिक्षकाने या खणांत न मावणारा राजपुत्र मराठीत आणला. गोपाळ गणेश आगरकर तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात 1882 साली टिळकांबरोबर मुंबईच्या डोंगरी तुरुंगात 101 दिवस काढून ते बाहेर आले होते आणि ‘केसरी’चे संपादन करत होते. 1883 मध्ये त्यांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे भाषांतर ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध केले. डेन्मार्कचा राजपुत्र मराठीत चंद्रसेन झाला.

चंद्रसेनाचे करायचे काय? तो शूर आहे, पण उदात्त नायकासारखा निश्चयी नाही. कलेची त्याला जाण आहे, नाटकमंडळीला तो अभिनयाचे धडे देतो, पण ललित नायकाची निश्चिंती त्याच्याकडे औषधालाही नाही. विचारी असून शांत नाही. एका क्षणी पडद्याआडच्या माणसाला तलवार खुपसणारा हा गृहस्थ दुसऱ्या क्षणी प्रार्थनेला बसलेल्या गुन्हेगाराला सोडून देतो. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी ही भूमिका केली, ती महाराष्ट्रभर गाजली आणि जुन्या चौकटीत न बसणाऱ्या माणसावर मराठी प्रेक्षक भाळू शकतो हे दिसले. पाठोपाठ देवलांचा ‘झुंझारराव’ आला, वासुदेव बाळकृष्ण केळकरांची ‘त्राटिका’ आली. ऑथेल्लोचा संशय आणि केटचा तापटपणा मराठी नावे घेऊन वावरू लागला. 1890 पासून हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’मधली यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगू लागली. तिच्यासाठी तर कोणत्याच शास्त्रात खण नव्हता. नायिकांच्या आठ अवस्था प्रियकराच्या संदर्भात ठरलेल्या, आणि यमूचे दुःख केशवपनाचे होते.

माणसांची वाटणी करण्याची हौस मात्र कमी झाली नव्हती. वैद्य वात, पित्त, कफ सांगत. पत्रिका जुळवताना देवगण, मनुष्यगण, राक्षसगण पाहिले जात. सत्त्व, रज, तम तर रोजच्या बोलण्यात होते. नव्या वाङ्मयासाठी नवी वाटणी लागणार हे उघड होते. ती कुठून येणार, एवढाच प्रश्न होता.

1921 साली दोन वेगवेगळ्या ठिकाणी या प्रश्नाला हात घातला गेला. बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते पुण्याचे न. चिं. केळकर. वाचकाला पात्राशी एकरूप होण्यात आनंद का मिळतो, याचे उत्तर त्यांनी ‘सविकल्प समाधी’ या कल्पनेने दिले. वाचक दुसऱ्याच्या मनात शिरतो, पण स्वतःला विसरत नाही. चंद्रसेनाबरोबर तो कुढतो आणि त्याच वेळी आपण खुर्चीवर बसलो आहोत हेही त्याला ठाऊक असते. विचाराची ही दिशा वाचकाकडून पात्राकडे जाणारी होती.

त्याच वर्षी झुरिकमध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगचा मानसिक प्रकारांवरचा मोठा ग्रंथ जर्मनमध्ये निघाला. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द आज शाळकरी मुलेही वापरतात, त्यांना शास्त्रीय वजन मिळाले ते या ग्रंथामुळे. युंगने त्यांच्या जोडीला मनाची चार कार्ये मांडली: विचार, भावना, संवेदन आणि अंतःप्रज्ञा. विचार आणि भावना निवाडा करतात, तर संवेदन आणि अंतःप्रज्ञा जाणून घेतात. संवेदन समोर आहे ते टिपते. अंतःप्रज्ञा त्या वस्तूच्या मागचे, पुढचे, शक्यतेतले टिपते. कसे टिपले हे मात्र त्या माणसाला सांगता येत नाही. एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. काल्पनिक पात्रांना मानसिक प्रकार लावून पाहण्याचा उद्योग युंगच्या चाहत्यांनी मागाहून काढलेला नाही. त्या ग्रंथातले एक अख्खे प्रकरण स्विस कवी कार्ल श्पिटेलरच्या काव्यातल्या प्रॉमिथिअस आणि एपिमिथिअस या भावांवर आहे. युंगने पहिल्याला अंतर्मुखतेचा आणि दुसऱ्याला बहिर्मुखतेचा नमुना म्हणून वाचले.

हा ग्रंथ 1923 मध्ये इंग्रजीत आला आणि अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज या बाईंच्या हाती पडला. त्यांची मुलगी इझाबेल मायर्स आधी रहस्यकथा लिहीत असे आणि एका स्पर्धेत तिच्या कादंबरीला बक्षीसही मिळाले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या मायलेकींनी युंगच्या कल्पनांवरून प्रश्नावली तयार करायला घेतली. त्यातून चार अक्षरांचे सोळा प्रकार निघाले, तेच आज कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत आणि तरुणांच्या मोबाइलवर फिरतात. पात्रे रचण्याची सवय असलेली लेखिका माणसांच्या प्रकारांकडे वळली, हा योगायोग बोलका आहे.

मराठी साहित्यात मानसशास्त्र शिरले ते वेगळ्या दाराने. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक ना. सी. फडके यांनी 1931 मध्ये ‘प्रतिभासाधन’ लिहून कथा-कादंबरीचे तंत्र उलगडून दाखवले. प्रतिभा म्हणजे नुसते दैवी देणे नव्हे, ती साधता येते, असा त्या नावातच दावा होता. 1942 मध्ये स. प. महाविद्यालयातले संस्कृतचे प्राध्यापक डॉ. के. ना. वाटवे यांचे ‘रसविमर्श’ आले. नाट्यशास्त्रकार भरताच्या स्थायिभावांना त्यांनी मॅकडूगल, शँड या पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञांच्या शेजारी बसवले. रती, शोक, क्रोध, भय यांचे नाते आधुनिक शास्त्रातल्या सहजप्रवृत्तींशी आणि स्थिरभावनांशी काय, हे ते तपासत होते. याच विषयावर भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी इंग्रजीतही लिहिले. काव्यशास्त्र आणि प्रयोगशाळा एका टेबलावर आणण्याचा हा धीट उद्योग होता. त्याची मर्यादाही स्पष्ट होती. भाव कोणता हे त्याने कळे, पण तो भाव नेमक्या याच माणसात असा का वागतो, हे कळत नसे.

1962 साली मायर्स-ब्रिग्ज प्रश्नावलीची पुस्तिका अमेरिकेत एका मोठ्या परीक्षासंस्थेने छापली. त्याच वर्षी मराठीत पु. ल. देशपांडे यांचे ‘व्यक्ती आणि वल्ली’ आले. एकीकडे प्रकारापासून माणसाकडे जाणे होते, दुसरीकडे माणसापासून प्रकाराकडे. लग्नघरात सगळीकडे धावणाऱ्या माणसाला आज कुणीही ‘नारायण’ म्हणते, पुस्तकी मराठी बोलणाऱ्या मुलाला ‘सखाराम गटणे’ म्हणते. त्यासाठी प्रश्नावली भरावी लागत नाही. पुलंनी एकेका माणसाचे बोलणे, कपडे, लकबी इतक्या बारकाईने टिपल्या की त्याचे नाव सामान्यनाम होऊन बसले. दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ही त्याच वर्षीचे. महाभारतातल्या व्यक्तींना पूज्य किंवा त्याज्य न ठरवता माणूस म्हणून पाहण्याची वाट त्या पुस्तकाने रुंद केली.

त्या वाटेवरचे पुढचे पुस्तक पुण्यात लिहिले गेले. इरावती कर्वे 1939 पासून डेक्कन कॉलेजात होत्या. व्यवसायाने त्या मानवशास्त्रज्ञ. माणसांची मापे घेणे, जातींच्या नोंदी करणे, नात्यांचे तक्ते मांडणे हे त्यांचे रोजचे काम. माणसांचे प्रकार पाडण्याचे धोकेही त्यांनी जवळून पाहिले होते. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी कवट्यांच्या असममितीवर प्रबंध केला. वंशावरून बुद्धीची प्रतवारी लागते असा फिशर यांचा ग्रह होता. मोजलेल्या कवट्यांतून तसे काही निघत नाही, असा निष्कर्ष या विद्यार्थिनीने लिहून दिला.

1967 च्या ‘युगान्त’मध्ये त्यांनी गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण, भीष्म यांच्यावर एकेक लेख लिहिला. अंतःप्रज्ञा कशी चालते हे पाहायला ‘पितापुत्र?’ या लेखाइतके चांगले उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल. युधिष्ठिर हा विदुराचा मुलगा असावा का, असा त्यातला प्रश्न. ग्रंथात तसे कुठेही म्हटलेले नाही. कुंतीने यमधर्माला बोलावले, एवढेच सांगितलेले आहे. पण विदुर हाही धर्माचाच अंश. नियोगासाठी, म्हणजे नवऱ्याऐवजी दुसऱ्या पुरुषाकडून मूल होऊ देण्यासाठी, दीर चालतो आणि विदुर पंडूचा धाकटा भाऊ. मरतेसमयी विदुर योगबळाने युधिष्ठिराच्या शरीरात शिरतो, बाप मुलाच्या हाती सर्वस्व सोपवतो तसा. विदुर दासीपुत्र असल्याने ही गोष्ट उघड झाली असती तर मुलाचा राज्यावरचा हक्क धोक्यात आला असता, म्हणून ती झाकण्याचे कारणही सापडते.

आधी चमक आणि मग पुरावा, असा या लेखाचा क्रम वाटतो. ही चमक आकाशातून पडली नव्हती. अमेरिकन संशोधक हर्बर्ट सायमन आणि विल्यम चेस यांनी 1973 मध्ये बुद्धिबळपटूंवर प्रयोग केले. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली तर कसलेला खेळाडू ती जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा मांडतो. सोंगट्या वाटेल तशा ठेवल्या तर तोही नवशिक्याइतकाच चुकतो. सायमन यांच्या मते अंतःप्रज्ञा म्हणजे ओळख: वर्षानुवर्षे साठवलेल्या नमुन्यांतला एक नमुना समोर दिसणे. इरावतीबाईंचा भारतातल्या नातेसंबंधांवरचा इंग्रजी ग्रंथ 1953 चा. दीर-भावजयीची नाती, वारसाचे नियम, अनौरस मुलांचे स्थान यांच्या नोंदी करण्यात आयुष्य गेलेल्या बाईला कुंती आणि विदुर यांच्यामधली मोकळी जागा दिसली, हा सायमन यांच्या अर्थाने कसलेल्या खेळाडूचा डाव होता. शिवाय हाताशी पुण्यातच तयार झालेली पाठचिकित्सा होती. भांडारकर संस्थेचे महाभारताच्या संशोधित आवृत्तीचे काम 1966 मध्ये पुरे झाले होते, त्यामुळे कोणता श्लोक मूळचा आणि कोणता मागाहून घुसलेला हे पडताळता येत होते. एवढे असूनही शीर्षकातले प्रश्नचिन्ह त्यांनी काढले नाही.

‘युगान्त’नंतर पाच वर्षांनी पात्राच्या स्वभावावरून पुणे पेटले. 16 डिसेंबर 1972 रोजी भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. नाना फडणवीस विलासी आणि धूर्त दाखवले म्हणून मोठा वाद झाला. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने एकोणीस प्रयोगांनंतर नाटक थांबवले आणि कलावंतांनी थिएटर अॅकॅडमी ही नवी संस्था काढून ते पुढे नेले. विरोध करणाऱ्यांच्या मनातले नाना मुत्सद्दी होते, धीरोदात्ताच्या खणातले. तेंडुलकरांना माणसापेक्षा सत्तेची रीत दाखवायची होती: ती घाशीराम तयार करते, वापरते आणि फेकून देते. नानांची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली, आणि आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. रोग्याला निदानाचा शब्द लावला की त्याच्याबद्दल विचार करणे थांबते, हा धोका त्या व्यवसायात रोजचा असतो.

आज फर्ग्युसन रस्त्यावरच्या कट्ट्यांवर मुले सिनेमा-मालिकांतल्या पात्रांना सोळा प्रकारांपैकी कोणत्या प्रकाराची चार अक्षरे द्यायची यावर वाद घालतात. शास्त्र म्हणून त्या सोळा खणांचा पाया भुसभुशीत आहे. काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो, कारण बहुतेक माणसे अंतर्मुख आणि बहिर्मुख यांच्या मधेच कुठेतरी असतात. आजचे मानसशास्त्रज्ञ त्याऐवजी पाच गुणांच्या कमी-अधिक प्रमाणाची भाषा पसंत करतात. पण वाद म्हणून या खेळाला किंमत आहे. चंद्रसेन अंतर्मुख विचारी की अंतर्मुख अंतःप्रज्ञ, हे ठरवायला बसलेल्या मुलाला पडद्याआडचा खून आणि प्रार्थनेचा प्रसंग पुन्हा वाचावाच लागतो. त्याने आधी उत्तर लिहून ठेवले असेल तर मात्र वाचन तिथेच संपते.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या पुण्याच्या दिग्दर्शक जोडीने 2013 मध्ये ‘अस्तु’ चित्रपट केला. त्यात आगाशे डॉ. चक्रपाणी शास्त्री झाले आहेत, अल्झायमर जडलेले संस्कृत पंडित. नावे, नाती, श्लोक एकेक करून सुटत जातात. रस्त्यावर दिसलेल्या हत्तीच्या मागे ते निघून जातात आणि माहुताची बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखे सांभाळते. मुलगी इरा शोधत असते तिच्या विद्वान बापाला. चन्नम्माला त्यांची विद्वत्ता ठाऊक नाही, त्यांचा स्वभाव, हुद्दा, शहर काहीच ठाऊक नाही. कट्ट्यावरच्या मुलांनी शास्त्रींना चार अक्षरे द्यायची ठरवली, तर त्यांना आधी विचारावे लागेल की इराच्या आठवणीतल्या बापाला द्यायची, की चन्नम्माच्या झोपडीत जेवायला बसलेल्या म्हाताऱ्याला.