पनवेलचा बाजार आणि पावाची गोष्ट

महोत्सवाच्या स्मरणिकेंत इतिहास लिहावयाचा म्हणजे पायाचा दगड केव्हां बसला, घंटा कोठून आली आणि कोणकोणते धर्मगुरु येऊन गेले, एवढें सांगून लेखक मोकळा होतो. तें कार्य या अंकांत इतरत्र झालेंच आहे. आम्हीं येथें निराळा विषय घेतला आहे. रविवारची मिस्सा आटोपल्यावर आमचीं पुष्कळशीं कुटुंबें थेट घरीं न जातां मुलांचें बोट धरून बाजाराची वाट धरतात. भाजी, मासळी, आणि शेवटीं बेकरींतील गरम पावाची लादी घेऊन तीं परततात. या तासाभराच्या फेरफटक्यासहि इतिहास आहे, आणि तो मुलांस ठाऊक असणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

अगत्याचें कां, तें सांगतों. एका पावसाळ्यांत एक माता आपल्या दुसरींतल्या मुलास घेऊन आमच्याकडे आली. सोबत्यांनीं त्याला ‘पाववाला’ म्हणून चिडविलें होतें आणि त्यानें डब्यांत पाव नेणें सोडलें होतें. “फादर, ह्याला काय सांगूं?” असें तिनें विचारलें. हा शब्द नवा नव्हे; आमच्या वाडवडिलांनींहि तो ऐकला आहे. एका शब्दाच्या टोमण्यास एका वाक्यांत उत्तर देतां येत नाहीं, म्हणून पुढच्या रविवारीं आम्ही त्या कुटुंबाबरोबर बाजारांत गेलों. तेथें त्या मुलास जें तुटक तुटक सांगितलें, तेंच थोडें विस्तारानें येथें मांडीत आहों.

आज पनवेल हें रेल्वेचें व मोटारींचें गांव आहे. पूर्वीं तें बंदर होतें. भरतीबरोबर मुंबईचे मचवे खाडींतून येथवर येत, आणि देशावर जाणारा माल व माणसें येथें उतरून पुढें बोरघाट चढत. घाटांतील गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला, तेव्हां गांवाची भरभराट झाली. देशावरचा गाडीवान येथून चाकांची जोडी घेतल्यावांचून परतत नसे, इतकीं पनवेलचीं चाकें नांवाजलेलीं होतीं. १८४९ सालीं बेने इस्राएल बांधवांनीं येथें बेथ एल हें आपलें सभास्थान उभारलें. १८५२ सालीं नगरपालिका आली. पुढें १८६३ सालीं लोहमार्ग कर्जतवरून घाट चढून गेला आणि पनवेल बाजूस पडलें. दिवा-पनवेल गाडी सुरू व्हावयास १९६४ साल उजाडावें लागलें. चाकें गेलीं, मचवे गेले. बाजार मात्र उठला नाहीं, कारण तो परगांवच्या मालावर नव्हे, तर भोंवतालच्या माणसांवर उभा होता. आगऱ्यांचें मीठ व तांदूळ, कोळणींची मासळी, डोंगरांतल्या ठाकूर-कातकऱ्यांचा रानमेवा यांस विकण्याची जागा हवीच होती.

त्या दिवशीं मुलाची पहिली ओढ अर्थातच मासळीकडे. पावसाळ्यांत मोठ्या होड्या बंद असल्यामुळें उरण नाक्याजवळ खाडीचीच मासळी अधिक होती, आणि पाटींतल्या जिवंत निवट्या उड्या मारीत होत्या. त्या मोजतां मोजतां त्याचा सारा रुसवा गेला. पुढें एक कातकरी म्हातारी शेवळांचे वांटे मांडून बसली होती. तिच्याकडे तराजू नव्हता. एक वांटा घ्यावा किंवा दोन. शेवळांबरोबर तिनें मूठभर काकडाचीं फळें दिलीं, कारण त्यांच्या आंबटाशिवाय शेवळांनीं घसा खाजतो. “ती हें फुकट कां देते?” असें मुलानें विचारलें. त्याच्या आईनें उत्तर दिलें, “विकणाऱ्याला खाणाऱ्याच्या घशाची काळजी असते, बाळा.” आमच्या प्रवचनापेक्षां हें उत्तर बरें होतें.

मिरची गल्लींत शिंका देत देत आम्हीं त्याला दुसरी गोष्ट सांगितली. ही मिरची आपली नव्हे. मिरची, बटाटा, टोमॅटो, काजू, पेरू, पपई, अननस हें सारें अमेरिका खंडांतलें. पोर्तुगीज आले आणि त्यांच्या गलबतांतून यांतील बहुतेक जिन्नस आमच्या किनाऱ्यास लागले. एकादशीच्या फराळाकडे पाहावें. शेंगदाणा, बटाटा, मिरची यांतील एकहि वस्तु ज्ञानेश्वरांच्या काळीं या देशांत नव्हती, आणि ज्याचा साबुदाणा होतो तो कंदहि समुद्रापलीकडचाच. तरी उपासाच्या ताटांत त्यांना मानाचें स्थान आहे. बटाटा खाल्ला म्हणून कोणी वाळींत पडल्याचें आम्हीं ऐकलेलें नाहीं. मग एकट्या पावानेंच असें काय केलें?

याचें उत्तर बाजाराच्या रीतींत आहे. जुन्या काळीं कच्चा जिन्नस कोणाकडूनहि घेतां येई; तांदूळ, भाजी, मीठ यांस विटाळ नसे. विटाळ असे तो पाण्यांत शिजविलेल्या अन्नास. अन्न शिजलें कीं त्याला शिजविणाऱ्याची जात चिकटे. म्हणून चणे-कुरमुरे, म्हणजे कोरडे भाजलेले पदार्थ, बाजारांत खुशाल विकले जात. पण दुसऱ्याच्या हातची भाकरी घेण्यास शंभर विचार करावे लागत. पाव हा पाण्यांत मळलेला, परक्यानें भाजलेला, आणि त्यांतहि ताडीनें फुगविलेला! बटाटा घरीं नेऊन आपल्या चुलीवर आपलासा करतां येतो. पाव बाजारांतून येतो तो तयार होऊनच. त्याला आपलें करावयास फट राहत नाहीं.

शब्दाविषयींहि थोडें सांगितलें पाहिजे. शेराच्या चौथ्या हिश्शास पाव म्हणतात म्हणून हा पाव, असें कित्येक सांगतात. तें खरें नव्हे. पोर्तुगीज भाषेंतील रोटीवाचक शब्दच मराठींत पाव होऊन बसला. देवाला ‘पाव’ म्हणून विनविणाऱ्या भाषेस तो मुळींच जड गेला नाहीं! १५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवा घेतला. गव्हाची रोटी त्यांच्या रोजच्या जेवणास हवी आणि मिस्सेसहि हवी. खमीर मिळेना, तेव्हां माडाच्या ताडीनें पीठ फुगवूं लागले. साष्टींतील माजोर्डें गांव या कामांत पुढें आला असें गोव्यांत सांगतात, आणि भट्टीवाल्यास तेथें अजून पोदेर हें पोर्तुगीज वळणाचेंच नांव आहे. कोंकणची मूळची भाकर म्हणजे तांदळाची. आमच्या किनाऱ्यावर तेल गाळून राहिलेले, शनिवार पाळणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्राएलहि शेजाऱ्यांप्रमाणें तीच खात. मराठी बायबलाच्या भाषांतरकारांनींसुद्धां ‘पाव’ न लिहितां ‘भाकर’ लिहिलें, आणि आमच्या मतें योग्यच केलें.

आतां त्या टोमण्याच्या मुळाशीं येऊं. वसई आणि साष्टीच्या बाजूस एक कथा सांगतात. पाद्र्यांनीं रात्रीं गांवच्या विहिरींत पाव टाकला; सकाळीं लोक तें पाणी प्याले; मग पाद्री म्हणाले, तुम्ही बाटलांत; आणि सारें गांव ख्रिस्ती झालें. या कथेस आम्ही इतिहास मानीत नाहीं. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. त्या दोनशें वर्षांत कोणी श्रद्धेनें ख्रिस्ती झाले, कोणी जमिनीच्या व चाकरीच्या आशेनें, कोणी राजसत्तेच्या दडपणानें. हें आम्ही धर्मगुरु असूनहि झांकूं इच्छीत नाहीं. परंतु कथा खरी नसली तरी ती निरर्थक नाहीं. पाव खाऊन कोणी ख्रिस्ती होत नाहीं, त्यास बाप्तिस्मा लागतो, हें पाद्र्यांस पक्कें ठाऊक होतें. मग त्या विहिरीवर धर्मांतर केलें कोणी? कथेचाच आधार घेतला, तर पाद्र्यानें टाकला तो नुसता तुकडा. घराचें दार लावून घेतलें तें भाऊबंदांनीं.

ही अडाणी गांवकऱ्यांची गोष्ट, असें कोणी म्हणेल. त्यानें १८९० सालच्या पुण्याकडे पाहावें. ऑक्टोबर महिन्यांत पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानानंतर मंडळींपुढें चहा व बिस्किटें आलीं. मंडळी कोण? न्यायमूर्ति रानडे, बळवंतराव टिळक यांसारखे पुढारी. पुढें नांवें वर्तमानपत्रांत छापलीं गेलीं, तक्रार शंकराचार्यांपर्यंत पोंचली, ग्रामण्य माजलें, आणि खुद्द रानडे-टिळकांनाहि प्रायश्चित्त घ्यावें लागलें. तें मिशन आमच्या पंथाचें नव्हतें. पण पेला ख्रिस्त्याचा, एवढेंच पुरेसें होतें.

आणि खुद्द आमच्या जिल्ह्यांत, त्या वेळच्या कुलाब्यांत, काय झालें? २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे हजारों अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळीनें प्याले. थोड्याच दिवसांत तें तळें शेण व गोमूत्रानें ‘शुद्ध’ करून घेण्यांत आलें. त्या पाण्यांत पावाचा तुकडाहि कोणीं टाकला नव्हता.

येथें आमच्या वाचकांनीं मात्र मान ताठ करूं नये. ज्यांनीं पाव खाल्ला त्यांनीं जात पोटांतून काढून टाकली असें झालें नाहीं. गोव्यांत ख्रिस्ती ब्राह्मण व ख्रिस्ती चारडो शतकानुशतकें सोयरीक करतांना एकमेकांस टाळीत आले; चर्चमधील बंधुसंघसुद्धां जातवार असत. एकाच भाकरीचे वांटेकरी म्हणविणाऱ्यांस हें शोभलें नाहीं.

हें सारें सात वर्षांच्या मुलास सांगतां येत नाहीं. तें बेकरीनें सांगितलें. भट्टीवरचा कारागीर उत्तर प्रदेशांतला मुसलमान गृहस्थ. त्यानें मुलास आंत घेऊन रात्रीं मळून ठेवलेलें पीठ कसें फुगतें तें दाखविलें, आणि लांब दांड्याच्या लांकडी फळीनें पत्रे बाहेर ओढून लादी मोडून दिली. गरम वाफ नाकांत गेली तेव्हां मूल खुदकन् हंसलें. बाहेर गिऱ्हाइकांची रांग लागली होती: गळ्यांत माळ घातलेले एक वारकरी आजोबा, बुरख्यांतली एक बाई, मिसळीच्या दुकानाचा पोऱ्या मोठी पिशवी घेऊन, आणि शाळेच्या गणवेशांतलीं दोन मुलें. त्यानें सर्वांकडे नीट पाहिलें आणि आम्हांस हळूच विचारलें, “फादर, हे सगळे पाववाले का?” आम्हीं होय म्हटलें. त्यानें लादी आपल्या हातांत मागून घेतली.

हा बदल कोणा सुधारकाच्या व्याख्यानानें घडला असें आम्हांस वाटत नाहीं, जरी त्यांचे उपकार आहेत. मुंबईच्या गिरण्या, आगगाड्या, इराण्यांचीं चहाचीं दुकानें आणि वेळेची टंचाई यांनीं तो घडविला. घरापासून दूर राबणाऱ्यास भट्टीवाल्याची जात विचारण्यास सवड नव्हती. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनीं वड्याला पावांत बसविलें असें मानतात. आतां तो वडापाव महाराष्ट्राची खूण होऊन बसला आहे. त्यांतील पाव, बटाटा, मिरची हे तिघेहि समुद्रावरून आलेले. हरभऱ्याचें पीठ आणि लसूण तेवढीं येथलीं जुनीं. ज्या पदार्थानें माणूस जातीबाहेर पडे, त्याच्याच दोन फांकांत आज सारी मराठी जात एकत्र बसते! गोव्याकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलाशींच येऊन संपतो, हा योगायोग आम्हांस मोठा गंमतीचा वाटतो.

आणखी एक रीत नोंदवून ठेवतों, कारण ती आतां विरळ होत चालली आहे. घरोघरीं ओव्हन नव्हते त्या काळीं दिवाळीच्या आधीं हिंदु गृहिणी रवा, मैदा, तूप व साखर डब्यांत घालून बेकरींत जात आणि आपल्या देखत नानकटाई भाजून घेऊन येत. डिसेंबर लागला कीं त्याच भट्टीकडे आमच्या बाया नाताळच्या केकचें मिश्रण घेऊन जात. भट्टी तीच, पत्रे तेच, डब्यावरचीं नांवें तेवढीं निराळीं. डब्यांची अदलाबदल होऊं नये म्हणून मुलांस राखणीस बसवीत, आणि राखणीचा मोबदला म्हणून मोडकी नानकटाई त्यांना मिळे. त्या राखणींत कितीतरी मैत्र्या जमल्या असतील.

जानेवारी २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें धुराच्या कारणास्तव मुंबईंतील लांकूड-कोळशाच्या भट्ट्या गॅस वा तत्सम स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. हवेसाठीं तें बरेंच आहे. परंतु लांकडाची भट्टी जेथें अजून पेटते, तेथें आपल्या मुलास एकदां घेऊन जावें असें आम्ही सुचवितों. पहांटे लवकर निघावें, कारागिरास आधीं विचारून आंत जावें, मुलास भट्टीच्या तोंडाशीं उभें करूं नये, आणि पिशवी घरूनच न्यावी. कागदांत बांधलेला गरम पाव घरीं पोंचेपर्यंत ओला होतो.