सोयाबीन, हळदीची पाने उन्हात का करपतात? प्रकाशसंश्लेषणातील ऑक्सिजनची भूमिका

हिंगोली जिल्ह्यात सोयाबीन हे खरिपाचे मुख्य पीक आहे, तर वसमत भाग हळदीसाठी ओळखला जातो. पावसाचा खंड पडून कडक ऊन लागले की पाने फिकी पडतात, कडा वाळतात. तणनाशक फवारल्यावर सोयाबीनच्या पानांवर तांबूस ठिपके येतात. अशा वेळी अनेकदा रोग समजून बुरशीनाशक किंवा टॉनिक फवारले जाते. प्रत्यक्षात पानाने घेतलेली प्रकाशाची ऊर्जा योग्य जागी न जाता ऑक्सिजनकडे वळलेली असते. ही क्रिया समजली तर अनावश्यक फवारणीचा खर्च टाळता येतो.

इलेक्ट्रॉनचा नेहमीचा मार्ग

पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाश शोषून घेते. त्या ऊर्जेवर पाण्याचे विघटन होऊन ऑक्सिजन बाहेर पडतो आणि इलेक्ट्रॉन मोकळे होतात. हे इलेक्ट्रॉन प्रकाशप्रणाली-२ कडून प्रकाशप्रणाली-१ कडे, तेथून फेरेडॉक्सिन या लोहयुक्त प्रथिनाकडे आणि शेवटी एनएडीपी या वाहकाकडे जातात. पुढे याच ऊर्जेवर हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा तयार होते.

ऑक्सिजन इलेक्ट्रॉन केव्हा घेतो?

कार्बन डायऑक्साइड मिळेनासा झाला की शर्करा तयार होण्याचा वेग मंदावतो. वाहक भरलेले राहतात, पण ऊन पडतच असल्याने इलेक्ट्रॉन येत राहतात. तेव्हा प्रकाशप्रणाली-१ जवळचे काही इलेक्ट्रॉन थेट ऑक्सिजन स्वीकारतो. १९५१ मध्ये ॲलन मेहलर यांनी वेगळ्या काढलेल्या हरितलवकांवर प्रकाश पाडून ही क्रिया दाखवली, म्हणून तिला मेहलर अभिक्रिया म्हणतात.

यातून तयार होणारे अतिक्रियाशील ऑक्सिजनचे प्रकार असे:

- सुपरऑक्साइड: ऑक्सिजनने एक इलेक्ट्रॉन घेतल्यावर तयार होतो.
- हायड्रोजन पेरॉक्साइड: सुपरऑक्साइडपासून बनतो. साठून राहिल्यास शर्करा तयार करणारी विकरे बंद पाडतो.
- हायड्रॉक्सिल: हायड्रोजन पेरॉक्साइडचा मोकळ्या लोहाशी संबंध आल्यास तयार होतो. हा सर्वांत घातक असून पेशीची पटले आणि प्रथिने मोडतो.
- सिंगलेट ऑक्सिजन: हा इलेक्ट्रॉन घेऊन बनत नाही. उत्तेजित हरितद्रव्याची जास्तीची ऊर्जा ऑक्सिजनला मिळाली की तयार होतो.

पानाची स्वतःची संरक्षण व्यवस्था

थोड्या प्रमाणात ही क्रिया निरोगी पानातही चालू असते. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर सुपरऑक्साइडचे रूपांतर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये करते. नंतर ॲस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज हे विकर क जीवनसत्त्वाच्या साहाय्याने त्याचे पाणी करते. पिवळी-केशरी कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये सिंगलेट ऑक्सिजन शमवतात. तयार होण्याचा वेग निपटाऱ्यापेक्षा वाढला, तरच पान करपते.

शेतात हा तोल केव्हा बिघडतो?

*पावसाचा खंड:* ओलावा कमी झाला की पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रे मिटतात. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, ऊन मात्र तेवढेच राहते. उथळ, मुरमाड रानात हा ताण लवकर दिसतो.

*पाणी साचणे:* भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबले की मुळांना हवा मिळत नाही आणि ती पाणी उचलू शकत नाहीत. परिणामी येथेही पर्णरंध्रे मिटतात. सततच्या पावसानंतर अचानक कडक ऊन पडले की हळदीची पाने म्हणूनच करपतात.

*जस्त, लोह, पालाशाची कमतरता:* संरक्षण करणाऱ्या विकरांना जस्त, तांबे व लोह लागते. चुनखडीयुक्त जमिनीत लोह व जस्त पिकाला कमी मिळते. पालाश कमी असल्यास पानातील शर्करा पुढे वाहून नेली जात नाही आणि इलेक्ट्रॉन पुन्हा ऑक्सिजनकडे वळतात.

तणनाशके हाच मार्ग वापरतात

पॅराक्वाट प्रकाशप्रणाली-१ कडून इलेक्ट्रॉन घेऊन थेट ऑक्सिजनला देते. पानात सुपरऑक्साइडचा लोंढा येतो आणि कडक उन्हात तण काही तासांत वाळते. पिकावर तुषार गेल्यास पीकही तसेच जळते. पॅराक्वाटच्या विषबाधेवर खात्रीचा उतारा नाही, त्यामुळे हाताळताना पूर्ण संरक्षक साधने वापरावीत.

सोयाबीनमधील ॲसिफ्लुओरफेन, फोमेसाफेन यांची क्रिया वेगळी आहे. त्यांच्यामुळे हरितद्रव्य तयार होण्याच्या वाटेवरील एक घटक साठतो आणि उन्हात त्यापासून सिंगलेट ऑक्सिजन तयार होतो. सोयाबीन हे तणनाशक आपल्या पेशीत निष्क्रिय करू शकते, म्हणून शिफारशीच्या मात्रेत फक्त ठिपके येतात आणि नवीन पाने स्वच्छ निघतात.

फरक कसा ओळखावा?

- फवारणीनंतर लगेच आलेले तांबूस ठिपके, नवीन पाने हिरवी: तणनाशकाचा परिणाम.
- कोवळी पाने पिवळी, शिरा हिरव्या: लोहाची कमतरता.
- कोवळ्या पानांवर पिवळे-हिरवे अनियमित चट्टे, शेतात पांढरी माशी: पिवळा मोझॅक.
- हळदीवर लंबगोल ठिपके, मध्यभागी राखाडी, भोवती पिवळे वलय: बुरशीजन्य करपा.

काय करावे?

1. सोयाबीनची पेरणी रुंद वरंबा सरी पद्धतीने करावी. पाऊस कमी असताना ओल टिकते, जास्त झाल्यास सरीतून पाणी निघून जाते.
2. खंडाच्या काळात हलकी कोळपणी करून भेगा बुजवाव्यात. शक्य असल्यास संरक्षित पाणी द्यावे.
3. ताणाच्या काळात सोयाबीनवर पोटॅशियम नायट्रेट (१३:००:४५) १०० ग्रॅम प्रति १० लिटर पाणी याप्रमाणे फवारावे.
4. माती परीक्षणात जस्त कमी आढळल्यास झिंक सल्फेट हेक्टरी २५ किलो जमिनीतून द्यावे.
5. हळदीत पाण्याचा निचरा करावा आणि आच्छादन वापरावे.
6. जमिनीत ओलावा नसताना, पीक सुकलेले असताना तणनाशक फवारू नये. लेबलवरील मात्रा वाढवू नये.
7. तणनाशकाच्या ठिपक्यांवर बुरशीनाशक फवारू नये. नवीन पाने येईपर्यंत निरीक्षण करावे.

करपलेले पान पुन्हा हिरवे होत नाही, त्यामुळे फवारणीचा परिणाम नेहमी नवीन पानांवरून तपासावा. लक्षणांबाबत शंका असल्यास पानांचा नमुना घेऊन तोंडापूर येथील कृषी विज्ञान केंद्राशी किंवा सहायक कृषी अधिकाऱ्यांशी संपर्क साधावा.